उलट्या चिमट्याची सायकल

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो. डोंगर चढणारी. दुकानात मला माउंटन बाइक म्हणत, पण नाव मोठं केल्यानं चढ लहान होत नाही, म्हणून मी स्वतःला सायकलच म्हणते. माझा रंग उडाला आहे, सीटला दोन ठिगळं आहेत आणि घंटी सर्दी झाल्यासारखी वाजते. पण हे तुम्हांला दया यावी म्हणून सांगत नाही. जुनी वस्तू बोलायला लागली की ऐकणारे आधीच रुमाल काढतात. तुम्ही रुमाल खिशातच राहू द्या. मला माझी बाजू मांडायची आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून, त्यांची तोंडं कोरून, एकीला दुसरी वितळवून जोडली. जोडणारी एक बाई होती. तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा, हातात कोपरापर्यंत हातमोजे. प्रत्येक जोड झाला की ती मुखवटा वर करायची आणि बोटाच्या पेरानं टकटक करून बघायची. माझा शेवटचा जोड झाल्यावर ती म्हणाली, "जा. आपटी खा, पण तुटू नकोस." मला मिळालेला आशीर्वाद तेवढाच. तो मला पुरला.

मग मला गडद हिरवा रंग दिला आणि खोक्यात भरलं. खोक्यात आम्ही अख्ख्या जात नाही. हँडल काढून बाजूला बांधतात, पुढचं चाक काढतात, आणि चिमटा मागे फिरवतात. चिमटा म्हणजे पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं तो भाग. तो मागे वळवला की खोकं आखूड होतं. दुकानात खोकं उघडणाऱ्यानं तो आधी पुढे फिरवायचा आणि मग चाक बसवायचं. एवढी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीतच माणूस घसरतो, मोठ्या गोष्टीत तो जपून पाय टाकतो.

दुकान ऐसपैस होतं. पुढे काचेची भिंत, मागे कामाची खोली, वर आकड्यांना उलट्या टांगलेल्या सायकली. तिथले मिस्त्री हाडाचे कारागीर. डोळे मिटून हात फिरवला तरी कुठला आरा सैल आहे ते सांगायचे. पण मी आले त्या दिवशी ते जेवायला गेले होते आणि मालकांना हुक्की आली. "वीस वर्षं धंदा करतोय, एक सायकल जोडता येऊ नये?" असं म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मला जोडलं. चिमटा होता तसाच, मागे तोंड करून. त्यात चाकावरची चकती ब्रेकशी जुळेना, तेव्हा त्यांनी चाकच उलटं फिरवून बसवलं. वर हँडल मात्र अगदी सरळ. मला काचेपाशी उभं केलं आणि गळ्यात पाटी अडकवली: 'मालकांनी स्वतः जोडलेली'.

मिस्त्री जेवून आले. त्यांनी मला लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, पाटी वाचली आणि गप्प आपल्या खोलीत गेले.

का बोलले नाहीत? त्यालाही कारण होतं. मागे एकदा मालकांनी घट्ट केलेलं काहीतरी मिस्त्रींनी उघडून नीट केलं होतं, तर मालक भर गिऱ्हाइकांत कडाडले होते, "तुम्हांला सांगितलं होतं कुणी?" त्या दिवसापासून मिस्त्रींचा नेम झाला. दुसऱ्यानं आवळलेला स्क्रू त्यानं सांगितल्याशिवाय उघडायचा नाही. मालक सांगत नव्हते, मिस्त्री विचारत नव्हते. दोघांच्या अहंकारात माझं मात्र भरीत झालं.

आठ महिने, मित्रांनो! आठ महिने मी त्या काचेमागे उभी होते. गिऱ्हाइकं यायची, रंग बघून भुलायची, फेरी मारायची. वळताना पायाचं बोट पुढच्या चाकाला घासायचं. हँडल जड लागायचं. परत आणून टेकवताना प्रत्येकाचा चेहरा आंबट.

"हिचं लक्षण काही ठीक नाही."

"दिसायला बरी आहे, पण अंगात खोड आहे."

एका जाडजूड गृहस्थांनी तर मला गटाराच्या झाकणावर आडवी पाडली आणि वर म्हणाले, "पाडलं हिनं मला." मालक मान डोलवायचे. "हो हो, ते मॉडेलच जरा आडमुठं आहे." ऐकलंत ना? जोडणारे हे, आणि आडमुठी मी! माझ्या तोंडाला शब्द नव्हते, नाहीतर तिथंच सुनावलं असतं.

शेवटी मालकांनी मिस्त्रींना सांगितलं, "या महिन्याअखेर नाही गेली, तर हिचे भाग सुटे करा. गिअर, ब्रेक दुसऱ्या गाड्यांना लागतील. सांगाडा भंगारात." मिस्त्रींनी मान हलवली, पण पाना हातातून खाली पडला. तो उचलायला त्यांना बराच वेळ लागला.

महिना संपायला चार दिवस होते, तेव्हा ती आली.

पन्नाशीची बाई. अंगात खाकी सदरा, पायात जाड तळव्याचे बूट, एक गुडघा पट्टीनं बांधलेला. पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे चावीबाई म्हणत, कारण जमिनीखालचे व्हॉल्व्ह उघडायची हातभर लांब लोखंडी चावी कायम तिच्या खांद्यावर असे. डोंगरावरच्या टाकीपासून खालच्या वस्तीपर्यंत बारा किलोमीटरची पाइपलाइन, वाटेत एक्केचाळीस व्हॉल्व्ह. सव्वीस वर्षं ती ही लाइन रोज चालत होती. चावीचं टोक पाइपवर टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायची आणि जमिनीखाली पाणी गळतंय का ते ऐकायची. आता गुडघ्यानं दगा दिला होता. फेरी संपायला दुपारचे तीन वाजत. नव्या साहेबांनी फर्मान काढलं होतं: नोंदी बारा वाजेपर्यंत टेबलावर. पंधरा दिवसांत जमलं नाही, तर चावी जमा करायची आणि तक्रारीच्या खिडकीत बसायचं. लाइन एका ठेकेदाराला जायची; त्याच्याकडून या लाइनच्या नोंदी साहेबांनी आतापासूनच मागवल्या होत्या. तो घरी बसून नोंदी भरतो, हे खात्यातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

हे सगळं मला तिच्या दादामुळे कळलं. थोरला भाऊ सोबत आला होता आणि दुकानात पाऊल टाकल्यापासून त्याची टकळी चालू होती.

"अगं, खिडकीत बस की सुखानं! डोक्यावर पंखा, हाताशी चहा. या वयात डोंगरावर सायकल? लोक हसतील."

"हसू देत. हसण्यानं पाइप फुटत नाही."

"मग ती बघ, पुढे टोपली असलेली. बायकांची. डबा ठेवायला बरी."

"दादा, मला डबा न्यायचा नाही, लाइन बघायची आहे. बाराव्या व्हॉल्व्हच्या पुढे रस्ताच नाही. तुझी टोपली तिथं काय पालखीत घालून नेऊ?"

मालक हसत पुढे आले आणि त्यांनी सगळ्यांत महागडी सायकल तिच्यासमोर धरली. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, नळ्या मांडीएवढ्या जाड. चावीबाईनं सीट दाबून पाहिली. सायकल खालीवर झुलली.

"हा तर पाळणा आहे. चढावर पाय मारला तर निम्मा जोर झुलण्यातच जाईल."

मालकांचं हसू थोडं कमी झालं. त्यांना सवय होती रंग विचारणाऱ्यांची, वेग विचारणाऱ्यांची. ही बाई भलतंच बघत होती. प्रत्येक सायकल तिनं दोन्ही पायांत घेऊन उभं राहून पाहिली, मधल्या नळीत आणि आपल्यात चार बोटं अंतर उरतं की नाही ते मोजलं. मग गिअरची दातेरी चक्रं बघितली. पुढचं लहान आणि मागचं मोठं असलं की चढ हलका जातो, हे तिनं कुणालातरी विचारून घेतलं होतं. आणि शेवटी, मित्रांनो, ती सायकल उचलून खांद्यावर घ्यायची आणि दुकानाच्या पायऱ्या चढून उतरायची.

दादानं कपाळावर हात मारला. "सायकलवर बसायचं असतं गं, सायकलला बसवायचं नसतं!"

"तिसाव्या व्हॉल्व्हपाशी चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत. तिथं मीच तिचं वाहन."

चार सायकली झाल्या. एक जड, एक उंच, एकीचं चक्र मोठं, एकीची नळी खांद्याला रुतली. मग तिची नजर काचेपाशी माझ्यावर पडली. तिनं मला पायांत घेतलं. चार बोटं. चक्रं पाहिली. खांद्यावर घेतलं, पायऱ्या चढली, उतरली. मी श्वास रोखून धरला. म्हणजे, टायरमध्ये होता तेवढा.

"ही नका घेऊ," मालक स्वतःच म्हणाले. विकत घेणाऱ्याला विकणाराच नको म्हणतो, इतकी माझी अपकीर्ती! "आडमुठी आहे. उद्या परत घेऊन याल."

चावीबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती माझ्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली, गुडघा दुखला तशी "आई गं" म्हणाली आणि टायरच्या कडेला बोट लावलं.

"हा बाण कसला?"

टायरवर एक बारीक बाण असतो. चाक कुठल्या दिशेनं फिरायला हवं ते तो सांगतो. रोज शेकडो लोक सायकल बघतात, तो बाण कुणी बघत नाही.

"असतो असाच," मालक म्हणाले. "कंपनीची खूण."

"मागच्या टायरवरही आहे. तो पुढे बघतोय. हा मागे बघतोय." ती उठली. "आमच्या व्हॉल्व्हवर बाण असतो. एकदा एकानं व्हॉल्व्ह उलटा बसवला. आठवडाभर अख्ख्या वस्तीत पाणी नव्हतं, आणि शिव्या खाल्ल्या टाकीनं. हिचा पुढचा भाग उलटा बसलाय."

 मागच्या खोलीत पान्यांचा आवाज थांबला.

"अहो, ते डिझाइन आहे!" मालकांचे कान लाल झाले होते. "मी स्वतः जोडलीय. पाटी वाचा."

"पाटी वाचली. म्हणूनच बाण वाचला."

मिस्त्री दारात येऊन उभे राहिले होते. चावीबाई त्यांच्याकडे वळली. "तुम्ही सांगा, मिस्त्री. उलटं आहे की नाही?"

मिस्त्रींनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी छताकडे पाहिलं. "ज्यांनी आवळलंय त्यांनी सांगितलं, तरच मी बोलणार," मिस्त्री म्हणाले.

"सांगायचं काय त्यात? आहे तशी घ्यायची तर घ्या. नाहीतर राहू द्या. माझ्या हातची जोडणी माझ्या दुकानात कुणी उघडायची नाही."

दादा तिच्या कानाशी लागला. "चल गं. उलटं असेल नाहीतर सुलटं, वांधा कशाला? दुसरीकडे बघू. तुझा अंदाज चुकला तर पंधरा दिवसांतले उरलेले दिवसही जातील आणि गाठीचे पैसेही."

ते खरं होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. सायकल जोडणं तिचं काम नव्हतं. तिला फक्त बाण ठाऊक होता. एका बाणाच्या भरवशावर तिला ठरवायचं होतं.

"घेतली," ती म्हणाली. "आहे तशी."

पैसे दिले, पावती घेतली. पावतीची घडी सदऱ्याच्या खिशात घातली, माझ्या गळ्यातली पाटी काढून मालकांच्या हातात दिली आणि मला ढकलत दाराबाहेर फुटपाथवर नेलं. मग तिथून हाक मारली, "मिस्त्री! आता ही सायकल माझी आहे. आणि आपण दुकानाबाहेर आहोत. मी सांगते, उघडा."

मित्रांनो, साठीला आलेला माणूस इतका जोरात धावताना मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मिस्त्री पाने घेऊन बाहेर आले, रस्त्यावर मांडी घातली, हँडलचे स्क्रू सैल केले आणि चिमटा अर्धा वळसा फिरवून पुढे आणला. वायरींचा पीळ सुटला. हँडल सरळ करून आवळलं. बाण पुढे बघू लागला, चकती डाव्या बाजूला आली, जिथं ती असायला हवी. सगळं मिळून दहा मिनिटं. आठ महिन्यांची बदनामी दहा मिनिटांत सुटली. मिस्त्री उठले, गुडघे झटकले आणि एवढंच म्हणाले, "माफ कर गं." बाईला नव्हे. मला.

मी माफ केलं का? नाही. सरळ सांगते. गप्प राहणाऱ्या शहाण्यापेक्षा बोलणारा अडाणी बरा. पण त्यांच्या हाताला मी नावं ठेवणार नाही.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी मिळून सहा वेळा पडलो. दुसऱ्या दिवशी तीनदा. तिच्या कोपराचं साल निघालं, माझा रंग. पाचव्या दिवशी तिला कळलं की चढाच्या आधी गिअर बदलायचा, चढावर नाही. आठव्या दिवशी मला कळलं की ती उजव्या पायानं जोर कमी लावते, कारण तो गुडघा दुखरा. मग आम्ही तशी लय बसवली.

साहेबांच्या मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. पहाटेच टाकीपासून निघालो. एक ते बारा व्हॉल्व्ह रस्त्यानं. पुढे दगडगोटे. ती थांबे, चावी टेकवे, कान लावे, नोंद करी, निघे. सगळं घड्याळाबरहुकूम चाललं होतं. सत्ताविसाव्या व्हॉल्व्हपाशी तिनं कान लावला आणि काढलाच नाही.

"गळतंय," ती म्हणाली.

वर जमीन कोरडी होती. नोंद लिहून पुढे जाता आलं असतं. घड्याळात साडेदहा झाले होते आणि चौऱ्याऐंशी पायऱ्या अजून बाकी होत्या. पण तिनं मला झुडपाला टेकवलं, झाकण उचललं आणि खड्ड्यात उतरली. जोड ढिला झाला होता. कोपरापर्यंत हात गाळात घालून तिनं तो आवळला. वर आली तेव्हा अर्धा तास गेला होता.

मग मात्र आम्ही थांबलो ते फक्त व्हॉल्व्हपाशी. पायऱ्यांवर मी तिच्या खांद्यावर. पायऱ्या संपल्या की ती माझ्या पाठीवर. शेवटचा उतार खडीचा होता. तिनं ब्रेकवरची बोटं अलगद ठेवली, अंग मागे टाकलं आणि मला सोडलं. दगड टणाटण अंगावर उडत होते. मी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. आडमुठी म्हणे!

कार्यालयात पोहोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती मला घेऊनच आत शिरली. साहेबांनी आधी माझ्या चाकांनी फरशीवर काढलेल्या रेघा पाहिल्या, मग भिंतीवरचं घड्याळ.

"दहा मिनिटं उशीर. नियम म्हणजे नियम, बाई."

तिनं वही टेबलावर ठेवली. बाहीतून चिखलाचं पाणी टपटप वहीशेजारी पडलं. "सत्तावीस नंबरला गळती होती. आवळून आले. न आवळता आले असते तर बाराच्या आधीच पोचले असते. आणि उद्या वस्तीतले नळ कोरडे असते."

"ते ठेकेदाराच्या माणसानं पाहिलं असतं."

"त्याच्या काल रात्रीच्या नोंदी तुमच्यासमोरच आहेत ना? सत्तावीस नंबर, 'ठीक'. विचारा त्याला, 'ठीक' लिहिताना कान कुठं लावला होता."

साहेबांनी कागद चाळला. आपली चूक कबूल करणाऱ्यांतले ते नव्हते. ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "आणि सायकलवरून तपासणी करणं नियमात बसतं का?"

"पायीच करावी असंही कुठं लिहिलेलं नाही."

 शेवटी साहेबांनी वहीवर सही ठोकली. "उद्या बारा म्हणजे बारा."

"उद्या गळती नसेल तर पावणेबारा," ती म्हणाली आणि मला वळवून बाहेर आली. बाहेर आल्यावर तिनं चिखलाची बाही पिळली आणि मला भिंतीला टेकवलं.  दादा तिथं वाट बघत होता. यावेळी तो आपल्या रुमालानं माझी चेन पुसत बसला. नवा रुमाल होता.

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही लाइन केली. तीन चेनी झिजवल्या, किती टायर ते आठवत नाही. कौतुक झालं, हारही घातले. पण मला आवडायचं ते दर सातव्या दिवशीचं तेल. ती जुन्या दात घासायच्या ब्रशनं माझी चेन घासायची, थेंब थेंब तेल सोडायची आणि चाक उलटं फिरवून ऐकायची. पाइप ऐकणारे कान ते, त्यांच्यापुढे माझी कुरकुर लपायची नाही.

मग ती निवृत्त झाली आणि माझ्यावर संकट आलं ते कौतुकाचंच. साहेब बदलले होते. नवे साहेब गोडबोले. म्हणाले, "बाई, ही सायकल खात्याला द्या. सोनेरी रंग देऊ, दारात उभी करू, हँडलला फुलांच्या कुंड्या टांगू. लोक फोटो काढतील." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आऱ्यांत गार वारं शिरलं. भंगारात गेलेली सायकल निदान वितळून पुन्हा काहीतरी होते. कुंडी झालेल्या सायकलीचं काय होतं? मुळं फुटतात!

चावीबाई उठली. म्हणाली, "कुंड्या विकत मिळतात, साहेब. मातीच्या. ही चढ चढते."

आणि समारंभ चालू असतानाच तिनं मला तक्रारीच्या खिडकीतल्या कारकुनापुढे नेलं. अठरा वर्षं लोकांच्या शिव्या खाऊन त्याचं पोट वाढलं होतं आणि आवाज बसला होता. लाइन त्यानं स्वतः मागून घेतली होती, सगळे त्याला वेड्यात काढत होते. तिनं माझं हँडल त्याच्या हातात दिलं. "पहिल्या दिवशी सहा वेळा पडाल. सातव्यांदा मला सांगायला येऊ नका."

तो सहा वेळा नाही, अकरा वेळा पडला. पण रोज येतो.

तेव्हा मित्रांनो, शेवटी एक मागणं आहे, आणि ते मी हात जोडून करणार नाही, कारण माझे दोन्ही हात ब्रेकवर आहेत. आम्हांला जपा म्हणजे झाकून ठेवू नका. चादर घालून जिन्याखाली ठेवलेली सायकल गंजते, आणि तिच्यापाठोपाठ माणसाचे गुडघे. तेल द्या, हवा भरा, सैल झालेलं आवळा आणि मग बाहेर काढा. पाडा, चिखलात घाला, दमवा. आमचं नाव खराब होईल असं कुणी म्हणालं, तर आम्हांला चालवून दाखवा.

आता सरका जरा बाजूला. साडेसहा वाजले. कारकून बुटाच्या नाड्या बांधतोय, आणि हा चढ आज आम्हांला पाय न टेकता चढायचा आहे.